अळणीचा डबा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. एकीला माहीत आहे, पण ती मांजर आहे. तेव्हा तिच्याकडून फुटायची भीती नाही.

तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही आमच्या गल्लीतले नाही म्हणून. कसबा बावड्यात आमच्या गल्लीत मला मान आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलो, उसाच्या मापात किलोचा फरक पडू दिला नाही. आजही कुणाची बाचाबाची झाली की खरं कोणाचं, हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. आणि मी सांगतोही — चांगला घसा खाकरून!

तर... सुरुवात मटणापासून करावी लागेल. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. कोल्हापूरच्या माणसाचं मटण बंद! पण पुढे घडलं ते त्याहून अवघड होतं. आमच्या मंडळींनी — शालनने — त्याच दिवशी जाहीर केलं, की ह्यांनी खायचं नाही तर घरात शिजायचंच नाही. ही बाई नळी फोडून खाणारी. माझ्यासाठी सोडलं तिने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. आणि मी किती दिवस टिकलो? तीन आठवडे.

त्यानंतर दर बुधवारी 'पाय मोकळे करून येतो' म्हणून मी स्कूटर काढायचो. पाय मोकळे करायला स्कूटर कशाला, हे शालनने एकदाही विचारलं नाही. एवढा विश्वास! एका खानावळीत कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं — तांबडा, पांढरा, सुकं, सगळं यथासांग. मग मूठभर बडीशेप, साबणाने दोनदा हात, आणि घरी. माणसं फसायची. पाटलीण फसायची नाही.

पाटलीण म्हणजे आमची मांजर. चाल तशी, म्हणून नाव तसं. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की ही माझी बोटं हुंगायची आणि घर डोक्यावर घ्यायची. "आज हिला काय झालंय हो? तुमच्या पायातच घुटमळतीया," शालन म्हणायची. आता हिचं तोंड कसं बंद करायचं? — म्हणून मी खानावळीतून छोट्या डब्यात अळणी आणायला लागलो. अळणी म्हणजे चटणी-तिखट घालायच्या आधीचं शिजलेलं मटण आणि त्याचं पाणी. आमच्याकडे लहान पोराला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला तेच पाजतात. तिखट नाही म्हणजे बाधायचं नाही, एवढं आमचं शास्त्र. ते शिजवताना त्यात कांदा पडतो, लसूण पडतो, याचा विचार कोण करतो? गच्चीवर टाकीच्या मागे पाटलीण खायची आणि मी डबा विसळायचो. सरळ सरळ लाच होती ती.

मग गेल्या वर्षी एक दिवस ती उठेनाच. दुधाकडे बघेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळ्या चहासारखी. भाकरीच्या बुट्टीत जुनं लुगडं घालून तिला ठेवली, शालन बुट्टी घेऊन मागे बसली, आणि आम्ही शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी साधाच प्रश्न विचारला — ही घरचं सोडून काही खाते का? मटण, चिकन, बाहेरचं?

मी काय म्हणालो असेन? "छे! आमच्या घरात वर्षभर मटण शिजलेलं नाही." शब्द न् शब्द खरा होता, बघा. शालन अभिमानाने म्हणाली, "ह्यांच्यासाठी समद्यांनी सोडलंय की आमी."

बाईंना गोचिडाच्या तापाचा संशय आला. रक्त घेतलं, सुई दिली, आणि आम्ही घरी आलो. आणि — हे सांगताना अजून मान खाली जाते — त्या संध्याकाळी मी पुन्हा डबा भरून आणला. अशक्त झालीय, अंगात जरा ताकद येऊ दे! ड्रॉपरने थेंब थेंब पाजलं तिला. प्रेमाने पाजलं हो. ती विश्वासाने गिळत होती.

दुसऱ्या दिवशी तिला मान धरवेना. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ठेवला. गोचिडाचं काही नव्हतं. रक्ताच्या पेशीच फुटत होत्या, आणि असं कांदा-लसूण पोटात गेल्यावर होतं, मांजराला ते विषच, असं त्या म्हणाल्या. मग थेट माझ्याकडे बघून विचारलं, "काका, हिला रस्सा, सूप असलं कोण देतं? खरं कळलं तरच मला पुढचं ठरवता येईल."

शालन माझ्याकडे बघत होती. बुट्टीतून पाटलीणही. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस मी — आणि तोंडातून काय निघालं? "शेजारच्या आक्का देत असतील."

आक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. रविवारी चार तुकड्यांचं मटण करायच्या आणि पाटलिणीला भिंतीवरून हाका मारायच्या — द्यायच्या मात्र दूध-भाकरी. मला ते पक्कं माहीत होतं. मी रोज बघत होतो.

पाटलीण वाचली! चार दिवस दवाखान्यात सलाईन, मग हळूहळू हिरड्यांवर रंग आला, आणि घरी आल्या आल्या तिने माझ्याच खुर्चीवर ताबा मिळवला. इतका आनंद झाला मला, की गल्लीत पेढे वाटले. आक्कांनाही दिले. कोडगेपणाला काही सीमा?

कारण त्याआधीच शालन भिंतीपाशी जाऊन त्यांना सुनावून आली होती. आमच्याकडे मनात ठेवून बोलायची पद्धत नाही, जे काय ते मोठ्याने. मी गच्चीवर, टाकीच्या मागे उभा राहून ऐकत होतो. मला वाटलं, आक्का भांडतील. भांडणात त्या कुणाला हार जायच्या नाहीत. पण आक्का एवढंच म्हणाल्या, "व्हय गं शालन, पडला असंल माझ्या हातनं एखादा तुकडा. म्हातारी मी. ध्यानात ऱ्हात न्हाय आता."

केलंच नव्हतं त्यांनी. तरी मान्य केलं. आणि मी? — खाली उतरून चहा मागितला.

पाटलीण आता टुणटुणीत आहे, वजनाने दोन मांजरांएवढी. तिला डबा मिळत नाही. ती अजून रोज सकाळी भिंतीवर जाऊन आक्कांना हाका मारते. आक्का बाहेर येतात, पण तिला हात लावत नाहीत. "जा बाई," म्हणतात, "माझ्या हातात इख हाय." आणि दार लोटून घेतात. शालन सांगत होती, आक्कांनी त्या दिवसापासून मटणच सोडलं. मुक्या जिवाला त्रास झाला आपल्यामुळे, म्हणून.

म्हणजे आता दोन्ही घरांत मटण शिजत नाही. एका घरात माझ्यासाठी, दुसऱ्या घरात माझ्यामुळे.

काल बुधवार होता. मी जाऊन आलो.