कानसेनांनी गाडी तपासली

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे कानसेन म्हणत. म्हणायचे चेष्टेने, पण त्यात खोटं काही नव्हतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि हळूहळू चाक फिरवायचं. मिनिटभरात दुखणं कुठे आहे ते त्यांना कळायचं. एकतीस वर्षं हाच धंदा. आणि या एकतीस वर्षांत 'हे मशीन भंगारात घाला' असं त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं. तोंडातून निघायचंच नाही. 'काय बिघडलं होतं हो?' असं कुणी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, हात लावला एवढंच."

या वाक्यावर त्यांच्या बायकोचा फार राग होता. "अख्खी दुपार मान मोडून बसलात, आणि हात लावला एवढंच?" ती म्हणायची. यावर ते नुसते हसायचे. आता अशा माणसाला जुनी मोटरसायकल पारखायला पाठवायचं, म्हणजे पाठवणाऱ्याचीच कमाल. पण दुसरा इलाज नव्हता.

बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. पहिली पाळी सहाची. पहाटेची पहिली बस सोमवारपासून बंद होणार होती, आणि दुसरी बस तिला सव्वासहाला फाटकावर सोडणार होती. उशिराचे दोन शेरे तिच्या नावावर आधीच पडलेले. तिसरा पडला की नाव कमी, असं तिथल्या मुख्य बाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं. म्हणून सोमवारपर्यंत गाडी हवी होती, आणि तीही सकाळी मुकाट्याने सुरू होणारी.

सल्ले मात्र पोत्याने मिळाले. मेहुण्याने कागदावर अकरा मुद्दे लिहून दिले. त्यात पहिलाच मुद्दा असा, की सुरू करण्याआधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालवून ठेवली आहे, म्हणजे काहीतरी लपवतोय. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "गार लागलं तर जास्त घाबरा. आठवडाभर सुरूच झाली नसेल." औषधाच्या दुकानदाराने धुराचं शास्त्र सांगितलं: निळा धूर वाईट, पांढरा चालेल, काळा असेल तर बघू. कानसेनांनी सगळं मन लावून ऐकलं आणि घरी येईपर्यंत निळ्याचं पांढऱ्यात आणि पांढऱ्याचं काळ्यात करून टाकलं.

गाडी एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांची होती. गुडघा धरल्यामुळे त्यांना किक मारवत नव्हती, म्हणून विकायला काढलेली. गुरुवारी संध्याकाळी कानसेन खांद्याला हत्यारांची पिशवी लावून त्यांच्या अंगणात हजर झाले. इंजिनावर हात ठेवला. गार लागलं. मेहुण्याच्या हिशेबाने माणूस सरळ, गॅरेजवाल्याच्या हिशेबाने गाडी मेलेली. हात तसाच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

"ताप आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्या किकला सुरू होते का हो?"

"कधी होते, कधी नाही होत. मन असेल तशी."

कानसेनांना लबाड माणसाची तयारी करून पाठवलं होतं. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं, ते अकरा मुद्द्यांत कुठेच नव्हतं. चौथ्या किकला गाडी सुरू झाली आणि मागून धूर निघाला. कानसेन वाकून बघू लागले, पण ढगाळ उजेडात रंगाचा काही पत्ता लागेना.

"मास्तर, हा निळा म्हणायचा की पांढरा?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा मिटला. "करडा. किंचित जांभळ्याकडे झुकतोय. पण मागची भिंत पिवळी आहे ना, तिच्यामुळेही तसं वाटत असेल."

आता जांभळ्याचं काय करायचं? कानसेनांनी शेवटी आपला स्क्रू ड्रायव्हर काढला, इंजिनाला टेकवला आणि डोळे मिटले. वर टकटक होत होती, झडपेवरचा टॅपेट ढिला झालेला. एवढं ऐकून घरी जायचं होतं. ते मात्र अंगणातच बसून राहिले. इंजिन गार होऊ दिलं, टॅपेट बरोबर केला, प्लग काढून घासला, पुन्हा बसवला आणि मास्तरांना म्हणाले, "उद्या परत बघायला येतो."

शुक्रवारी गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. साखळी झोळीसारखी लोंबत होती, ती त्यांनी ताणून घेतली. जाता जाता कार्बोरेटर खोलून साफ केला. मग शेवटची म्हणून एक किक मारली, तर गाडी पहिल्याच फटक्यात गुरगुरायला लागली. कानसेनांना क्षणभर फार बरं वाटलं, मग हत्यारं पिशवीत भरता भरता ते विचारात पडले.

घरी मेहुणा वाटच बघत होता. "काय भाऊजी, कशी आहे गाडी?"

"तेच कळत नाही. काल चौथ्या किकला, आज पहिल्या."

"मधे काय झालं?"

"काही नाही, हात लावला एवढंच."

मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला. "भाऊजी, तुम्ही गाडी तपासायला गेलात की दुरुस्त करायला? आता ती चांगली आहे की तुम्ही चांगली केलीत, हे कसं कळणार?"

हा प्रश्न कानसेनांच्या डोक्यात रुतून बसला. खरंच, कसं कळणार? त्यांनी जी गाडी ऐकली ती मास्तरांची होती की त्यांची स्वतःची? आणि तपासायची ती नेमकी कोणती? रात्री बायको शेजारी शांत झोपली होती. सोमवारी गाडी अडली तर तिची नोकरी जाणार, आणि आपण मात्र हात लावत बसलो, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि मग त्यांना एक तोड सुचली. अशी तोड दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

शनिवारी दुपारी त्यांनी मास्तरांना सांगितलं, "गाडी मूळ स्थितीत आणतो. मग तपासतो."

"म्हणजे बिघडवणार?"

"बिघडवणार नाही हो. होती तशी करणार. साखळी नेमकी किती लोंबत होती, आठवतं का?"

मास्तर आत गेले आणि कागद-पेन्सिल घेऊन आले. चाक, साखळी, साखळीचा झोळ, सगळं त्यांनी झोकात काढून दिलं. वर छायाही दिली. कानसेनांनी चित्र शेजारी ठेवून साखळी ढिली केली. टॅपेटचा स्क्रू उलटा फिरवताना मात्र त्यांचा हात चालेना. चालत्या यंत्राचं वाकडं करण्याची सवयच नव्हती त्या हाताला. दोनदा सैल केला, दोनदा नकळत परत घट्ट झाला. तिसऱ्यांदा डोळे मिटून सैल केला आणि किक मारली. गाडी ढिम्म. पाच झाल्या, सात झाल्या, नऊ झाल्या. गाडी हूं की चूं करेना.

कानसेन घाम पुसत खाली बसले. आता तर काहीच कळत नव्हतं. हा बिघाड गाडीचा मूळचा, की त्यांनी आत्ता घातलेला?

तेवढ्यात पाळी संपवून बायको तिथे आली. निरोप तिला मेहुण्याने दिला होता. तिने जमिनीवर पसरलेली हत्यारं पाहिली, साखळीचं चित्र पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ती पायरीवर टेकली.

"काय चाललंय?"

कानसेनांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. निळा धूर, जांभळा धूर, गार इंजिन, मूळ स्थिती. "अगं, एकतीस वर्षं कान लावतोय, पण ही गाडी भरवशाची आहे का, ते मला सांगता येत नाही. तुझी नोकरी आहे यात."

"मला एक सांगा. सोमवारी वाटेत बंद पडली तर सुरू करायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"मग आपण वीस मिनिटं आधी निघू. मला काय त्या मूळ गाडीवर बसायचंय? मला तुमच्या मागे बसायचंय. ते स्क्रू आधी जागेवर बसवा."

अर्ध्या तासाने गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मास्तर कौतुकाने बघत म्हणाले, "आता विकावी की नाही, माझाच गोंधळ झालाय. माझा गुडघा दुरुस्त करता का?"

"तो नाही जमायचा."

"मग घेऊन जा बाबा," मास्तर म्हणाले, आणि साखळीचं चित्रही त्यांनी बरोबर दिलं.

सोमवारी दोघं अंधारातच निघाली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, पण कानसेनांचा त्यावर विश्वास बसला नाही. अर्ध्या वाटेवर, पुलाच्या चढाला, ती आचके देऊन थांबलीच. बायको खाली उतरली आणि तिने बॅटरीचा उजेड धरला. कानसेनांनी प्लग काढला, पुसला, बसवला. सात मिनिटं लागली. सहाला दहा कमी असताना ती दोघं इस्पितळाच्या फाटकाशी उभी होती, आणि त्या घटकेलाही गाडी चांगली घेतली की वाईट, हे कानसेनांना कळलेलं नव्हतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने वही पुढे केली आणि गाडीकडे मान उडवली. "नवी घेतली वाटतं, ताई?"

"छे हो, जुनीच आहे," सही करता करता ती म्हणाली. "पण आमच्या ह्यांनी हात लावलाय तिला."