काळे पडलेले चांदीचे डवरे

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगतो. फजिती माझीच आहे, आणि अगदी शंभर नंबरी!

एकोणीसशे साठच्या आसपास मी तंजावरला कॉलेजात रसायनशास्त्राचा नवा कोरा डेमॉन्स्ट्रेटर होतो. कारखान्यांच्या घाण वायूत कुठला धातू किती गंजतो, हे तपासायचं खूळ डोक्यात शिरलेलं. वासाला कंटाळून प्राध्यापकांनी मला प्रयोगशाळेबाहेर काढलं. मग काय! घरी परसातल्या खोलीत काचेची पेटी मांडली. आत लोखंडाच्या, तांब्याच्या, जस्ताच्या पट्ट्या टांगल्या आणि खालून सोडला सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू!

शेजारच्या कोठीत अक्काच्या लग्नाची चांदी होती. हे माझ्या लक्षात यायला नको?

कुंभकोणमहून अक्काचे होणारे सासरे आले. आईनं अंधाऱ्या कोठीतली चांदी घाईनं काढून कॉफी आणली आणि माझ्या अप्पांचा चेहराच उतरला. कॉफीच्या पेल्यांखालचे पसरट चांदीचे डवरे कोळशासारखे काळे!

सासऱ्यांनी डवरा उलटा करून पाहिला. "चांदी म्हणालात ना? की शिसं?"

दाराआड अक्काचे डोळे भरले. लग्न मोडतंय की काय! पण मी डगमगतो होय?

"मामा, काळी पडली हीच अस्सल चांदीची खूण! माझा वायू फटीतून कोठीत शिरला. नकली असती तर चकाकत राहिली असती."

"बोलायला काय जातं?"

"द्या तुमच्याकडचं चांदीचं काहीही. पाच मिनिटांत दाखवतो!"

त्यांनी तपकिरीची डबी काढून दिली. सगळे उपरण्यानं नाक दाबून परसात आले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी वायू वाढवला. डबी आपली नव्या नवरीसारखी चकचकीत!

मला तर जोरच चढला. "मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण ही चांदी नव्हेच! वर निकेलचा मुलामा आहे. कुठल्या लुच्च्यानं गळ्यात मारली तुमच्या?"

अप्पा मागून सदरा ओढत होते. मला वाटलं, कौतुकानं!

सासऱ्यांनी डबी पुसली. "लग्न ठरलं त्या दिवशी तुमच्याच घरून मिळाली, बाळा. अप्पा म्हणाले, आमच्या शास्त्रज्ञ मुलानं स्वतः पारखून आणलीय!"

तेव्हा कुठे मी डबी ओळखली. लुच्च्यानं ती माझ्याच गळ्यात मारली होती! मग सासरे जे हसत सुटले, ते डोळे पुसेपर्यंत! "या घराशी सोयरीक सोडायची नाही हो. करमणूक फुकट आहे!"

लग्न थाटात झालं. खरेदीत मला एकच काम मिळालं, केळीची पानं आणायचं. आणि तीसुद्धा आई उजेडात धरून तपासून घेई!