सात हाकांच्या दरीची अकरावी पाटी

पाटीकाकांच्या परसात पाण्याची टाकी होती, आणि तिच्यावरचं लोखंडी झाकण दुसऱ्या कुणी उचललेलं काकांना खपत नसे. पाणी भरायचं असलं की स्वतः यायचे, झाकण हातभर सरकवायचे, उलटं मात्र कधी करायचे नाहीत, आणि टाकी भरली की परत जागच्या जागी. गल्लीतले लोक विचारायचे, "काका, टाकीत खजिना आहे की काय?" एरवी हसतमुख माणूस, पण या एका थट्टेला हसायचा नाही.

रस्ते खात्यात त्यांची तीस वर्षं गेली, सगळी पाट्यांत. वळण, शाळा, हळू चालवा, या पाट्या दुसऱ्यांकडे. काकांकडे तपकिरी पाट्या, पांढऱ्या अक्षरांच्या. परगावचा माणूस गाडी काढून चार प्रेक्षणीय जागा बघायला निघाला की त्याला वाट दाखवायची, एवढंच काम. त्याचं नियमांचं पुस्तक पातळसं होतं आणि काकांना ते तोंडपाठ. जागा वर्षातले बहुतेक दिवस उघडी पाहिजे. गाडी लावायला जागा पाहिजे, संडास पाहिजे. पाटीवर नाव, बाण आणि अंतर. त्याउपर एक अक्षर नाही.

जुन्या कुलपांचं संग्रहालय चालवणारे एक गृहस्थ त्यांच्याकडे महिनाभर खेटे घालत होते.

"नुसतं 'कुलपांचं संग्रहालय' काय लिहिता? 'जगप्रसिद्ध' लिहा."

"जगाला माहीत असेल तर पाटी कशाला हवी?"

"बरं, 'सुंदर' तरी घाला हो."

"भरधाव गाडीतल्या माणसाला पाटी वाचायला चार सेकंद मिळतात. चार सेकंदांत 'सुंदर' मावत नाही."

हे काकांनी घरी सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "तरीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी सुंदर म्हणाला नाहीत. खात्याची परवानगी नसणार."

तर त्या पुस्तकातले दोन नियम काकांच्या जिवाचे. पहिला असा, की एकदा बाण दाखवला की मधेच सोडायचं नाही. जिथे जिथे रस्ता फुटेल तिथे तिथे बाण, थेट फाटकापर्यंत. अर्ध्या वाटेवर सोडण्यापेक्षा मुळात न दाखवलेलं बरं. आणि दुसरा, जागा बंद झाली तर पाट्या काढताना सगळ्यात लांबची आधी काढायची आणि फाटकाजवळची शेवटी. म्हणजे कुणी नवा माणूस त्या वाटेला लागणारच नाही, आणि जो लागलाय तो नीट पोचून, बंद फाटक बघून, माघारी वळेल. नव्या माणसांना हे शिकवताना काका म्हणायचे, "लांबून जवळ यायचं. जवळून लांब गेलात तर मधल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो."

आणि नेमकी हीच चूक काकांच्या हातून झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाला ती चूक आहे हेही कळलं नसतं.

हमरस्त्यापासून नऊ किलोमीटरवर एक दरी होती. सात हाकांची दरी म्हणायचे. कठड्याशी उभं राहून एकदा हाक मारली की ती सात वेळा परत यायची, दर वेळी थोडी थकून. एका वर्षी कठड्याखालचा खडक तडकला आणि खात्याने दरी बंद केली. हमरस्त्यापासून फाटकापर्यंत अकरा पाट्या होत्या, सगळ्या काकांनीच लावलेल्या. त्या दिवशी ट्रक आधी दरीकडे गेला, फाटकाला साखळी आणि 'बंद' असा फलक लावायला. परत येताना ट्रक रिकामाच होता. ड्रायव्हर म्हणाला, "काका, येता येता उचलत जाऊ की. पुन्हा हमरस्त्यापर्यंत जा, पुन्हा इकडे या, कशाला दोन हेलपाटे?"

काकांच्या जिभेवर नियम आला होता. पण ऊन फार होतं आणि कंबर दुखत होती. म्हणाले, "चल."

फाटकापासून सुरुवात केली. काकांचं घर गावाच्या कडेला, बरोबर जिथे रस्ता फुटतो तिथे. उजवीकडचा रस्ता दरीच्या फाटकाला जातो. डावीकडचा जुन्या दगडखाणीचा. तो दरीच्या मागच्या अंगाला निघतो, तिथे ना फाटक ना कठडा. दुपारी काकांनी स्वतःच्या घरासमोरची पाटी काढली, आत येऊन पाणी प्यायले आणि पुढे गेले. हमरस्त्याला पोचेपर्यंत उन्हं उतरली. अकराव्या पाटीचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता. पाना दोनदा निसटला, बोटं सोलली.

"राहू दे काका, उद्या सकाळी काढू. एकटी पाटी काय करणार आहे?"

काकांनी रजिस्टरवर सही केली. अकरा पाट्या काढल्या, तारीख आजची.

त्या संध्याकाळी एका गाडीने ती एकटी पाटी वाचली. गाडीत एक माणूस आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाना घेऊन पाटी काढत होते, तेव्हा खाणीच्या दिशेने लोक धावताना दिसले. मुलगी झुडपात अडकली होती, जिवंत. बाप खाली, गाडीत.

चौकशी झाली. रजिस्टर बघितलं गेलं. पाट्या आदल्या दिवशीच काढलेल्या, फाटकाला साखळी, 'बंद'चा फलक जागेवर. कागदावर सगळं स्वच्छ. सगळ्यांनी ठरवलं की माणूस हौशी असणार, बंद जागी मागच्या वाटेने शिरला आणि जिवाला मुकला. काकांना कुणी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं ते पुढे कित्येक वर्षं मनाशी म्हणायचे. पण न विचारता सांगायचं धाडस झालं नाही, हेही तेवढंच खरं.

काढलेल्या पाट्या खात्यात नव्याने रंगवून दुसरीकडे लावत. ही पाटी पुन्हा कुणाला तरी कुठे तरी नेणार, हे काकांच्याने बघवेना. गोडाऊनमध्ये सांगितलं की मोडली, आणि घरी आणली. टाकीचं झाकण झालं. काकूंनी विचारलं नाही कुठून आणली. फक्त काका आत गेल्यावर तिची अक्षरं खालच्या बाजूला केली.

त्यानंतर काकांना हॉर्न ऐकू यायला लागला.

दिवेलागणीच्या जरा आधी, घरासमोर, दोन छोटे हॉर्न. रस्ता विचारायला माणूस वाजवतो ना, तसे, हलके, अजिजीचे. मग इंजिनाची घरघर. मग खडीवरून चाकं डावीकडे वळल्याचा आवाज. पहिल्या दिवशी काका फाटकापर्यंत धावले. रस्ता रिकामा. शेजारचं कुत्रं मात्र मान वर करून डावीकडे बघत होतं. काकांनी आत येऊन काकूंकडे पाहिलं. काकू मान खाली घालून धान्य निवडत होत्या. बायकोला ऐकू आलं नाही, म्हणजे बिघाड आपल्यातच, असं काकांनी धरून घेतलं आणि तोंड मिटलं ते बारा वर्षं.

दिसायला बदल एकच झाला. काकांना कुणी पत्ता विचारला की ते हाताने दाखवत नसत, पायात चपला घालत. पार्सलवाला असो, पाहुणा असो, त्याला दारापर्यंत नेऊन सोडत. गल्लीत हसायचे. "काकांना पत्ता विचारू नका, घरची पोळी करपेल त्यांची." काकू म्हणायच्या, "करपू दे. निदान पाय तरी मोकळे होतात." असं म्हणून दुसरीकडे बघायच्या.

काका निवृत्त झाले त्यालाही आठ वर्षं लोटली. एका संध्याकाळी दोघं ओसरीवर बसले होते. वेळ झाली, आणि घरासमोर दोन हॉर्न वाजले.

काका हलले नाहीत. काकूही हलल्या नाहीत. काकूंच्या हातातली सुई तेवढी थांबली.

फाटक वाजलं. एक पोरगी आत आली, हातात हेल्मेट, एकवीस-बावीस वर्षांची. "काका, दोनदा हॉर्न वाजवला. ऐकू नाही का आला?"

काका पोरीकडे न बघता काकूंकडे बघत राहिले. "तुला ऐकू आला?"

"रोजच येतो," काकू म्हणाल्या.

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

पोरगी गोंधळली. "मी चुकीच्या वेळी आले का?"

"वेळ तर बरोबर गाठलीस," काकू म्हणाल्या. "बस बाळ. कोण तू?"

तिने बापाचं नाव सांगितलं आणि काकांनी खुर्चीचा हात धरला.

ती सांगत गेली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, मागच्या सीटवर. तिला पाटी आठवत होती, तपकिरी, पांढरी अक्षरं. तिनेच मोठ्याने वाचली होती, दिसेल ती पाटी वाचायची सवय होती ना. बाबा दुसरीकडे निघाले होते, तिने हट्ट केला म्हणून वळले. "पण कुणी मानत नाही. खातं म्हणतं पाटी नव्हती. आजी म्हणते तुला स्वप्न पडलं. आजीने बाबांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. म्हणते, हौसेपायी गेला, पोरीलाही नेत होता. काका, तुम्ही पाट्या लावायचात असं खात्यातून कळलं. मला एवढंच सांगा, पाटी होती की नव्हती? नसेल तर नाही म्हणा. मग मी स्वतःला वेडी समजेन आणि गप्प बसेन."

काका उठले. परसात गेले. टाकीचं झाकण दोन्ही हातांनी उचललं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा उलटं केलं. ओलीने कडा खाल्ल्या होत्या, पण अक्षरं शाबूत. सात हाकांची दरी, बाण, नऊ किलोमीटर.

पोरीने अक्षरांवरून बोट फिरवलं. तेव्हा वाचलं असेल तसंच, एकेक अक्षर.

"होती," काका म्हणाले. "मी उलट्या बाजूने काढल्या. ही एकटी राहिली, आणि सगळ्या काढल्या अशी सही मी केली. तुझे बाबा हौसेने नाही गेले. मी बोलावलं आणि अर्ध्यात सोडलं."

पोरगी रडली नाही. पाटीवरचं बोट न उचलता म्हणाली, "या घरापाशी बाबांनी हॉर्न वाजवला होता. रस्ता विचारायला. एका बाईंनी हात करून दाखवलं."

मग काकू बोलल्या. आवाज अगदी बारीक. "मी चादर काढत होते दोरीवरची. हात चादरीला वर गेला गं, डावीकडे. त्यांना वाटलं रस्ता दाखवला. त्यांनी मला हात केला, हसले, आणि वळले. मीही हसले. म्हटलं, कोण हा ओळखीचा." पुढे म्हणाल्या, "हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण तोंडात चिमटे होते चादरीचे."

काकांनी बायकोकडे पाहिलं. बारा वर्षं एकाच ओसरीवर दोघं एकच गाडी ऐकत बसले होते, आणि एकमेकांना वाटलं की दुसरा बरा आहे, त्याची झोप कशाला मोडा.

"आजीला सांगाल?" पोरीने विचारलं. "माझ्या तोंडून ती ऐकणार नाही."

काकांनी चपला घातल्या.

पाटी चादरीत गुंडाळली आणि काका ती मांडीवर आडवी धरून स्कूटरवर मागे बसले. काकू फाटकातून ओरडल्या, "सावकाश गं. आणि अहो, तिला तिच्याच घरचा रस्ता दाखवू नका." पण काका प्रत्येक वळणाला सांगत होतेच, आता सरळ, आता उजवीकडे, आणि पोरगी रस्ता ठाऊक असूनही प्रत्येक वेळी "हो काका" म्हणत होती.

आजीने पाटी पाहिली, सगळं ऐकून घेतलं. काकांना बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं. काका उभ्यानेच बोलले, आणि उद्या खात्यात जाऊन हेच लिहून देतो म्हणाले. म्हातारी उठली, भिंतीशी गेली आणि फोटो सरळ केला. मग पाठमोरीच म्हणाली, "आता जा."

दुसऱ्या दिवशी काकांनी लिहून दिलं. साहेब म्हणाले, "कशाला जुनं उकरता? तुमच्यावरच येईल." काका म्हणाले, "येऊ द्या. पत्ता माहीतच आहे."

त्या संध्याकाळी दोघं ओसरीवर बसले. टाकीवर आता साधी फळी होती. वेळ झाली आणि वाजले, दोन, हलके, अजिजीचे. शेजारच्या कुत्र्याने मान वर केली.

या वेळी दोघंही उठले. काका फाटक उघडून रस्त्यावर उभे राहिले. समोर काही नव्हतं, फक्त घरघर. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती, काकांना लाज वाटली. तरी घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "दरी बंद आहे, दादा. डावीकडे जाऊ नका. मागे फिरा. चूक माझी आहे."

घरघर चालूच राहिली. गाडी थांबलेली असते ना, माणूस ऐकत असतो, तशी.

काकू मागून पुढे आल्या. त्यांनी हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते, चुकून कुठे वर जाऊ नयेत म्हणून.

"पोरगी घरी पोचली हो," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी झालीय. तुमचा फोटोही सरळ लावलाय."

खडी वाजली. चाकं वळायला लागली. कुठल्या बाजूला, ते कळेपर्यंत दोघं एकमेकांचा हात धरून रस्त्यात उभे होते.