क्लोव्हिसने उचललेली पिकअप

दक्षिणेचा वारा लागून राहिला की खाडीचं पाणी रस्त्यावर येतं आणि क्लोव्हिस गिद्रीचं घर जगापासून तुटतं. त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. जन्म इथलाच, हयात कोळंबीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. पण मागल्या वादळात बायकोला, युलाला, धाप लागली. ॲम्ब्युलन्स पाण्यापलीकडे दिवा फिरवत उभी, आणि हा अलीकडे तिची पाठ चोळत बसलेला. पाणी ओसरलं म्हणून ती वाचली.

तेव्हाच त्यानं ठरवलं, आपली जुनी पिकअप उचलायची, म्हणजे पाण्यातून जाईल इतकी उंच करायची. थोडीथोडकी नाही, चांगली फूटभर.

युलाचा भाऊ अल्सीद मदतीला आला. "दाजी, फूटभर फार होतं हो. गाडी आहे, जिराफ नाही."

"पाणी कमरेला लागतं. मग किती उचलू, तूच सांग."

ओकच्या झाडाखाली गाडी लोखंडी टेकूंवर चढवली. खाऱ्या हवेनं बोल्ट असे गंजलेले, की पाना लावला तर डोकंच तुटून हातात येई. शेवटी गॅसनं कापले. लांब स्प्रिंगा बसल्या आणि मग एकेक गोष्ट तोकडी पडू लागली. ब्रेकचे पाइप पुरेनात. ते बदलले तर स्टेअरिंगचा दांडा तिरका झालेला. तो सरळ केला तर मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टला असा कोन आला, की त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, करकरायला लागले. बोटीच्या इंजिनाला एक दुखणं असायचं. सापडलं की संपलं. इथे एक बरं करावं तर दुसरं उपटे.

मोठे टायर चढवून तो अल्सीदला घेऊन हमरस्त्यावर आला. वेग धरला न धरला तोच एका खड्ड्यानंतर पुढची चाकं थडथडू लागली. स्टेअरिंग हातांना जुमानेना. गाडी आपणहून मंदावेपर्यंत धरून बसण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही. थांबल्यावर तो उतरून गवतात बसला.

"काढून टाकू सगळं," अल्सीद म्हणाला.

"आणि पाणी?"

अल्सीदनं वाकून पुढचं चाक हलवून पाहिलं.

त्यांनी पुन्हा सगळं खोललं, पुन्हा आवळलं. हळू चालवली तर गाडी चालायची. पण युलाचा पाय दारापर्यंत पोचेना. स्टूल ठेवून पाहिलं, तरी नाही.

"मेल्यावर मला नेणार असशील तर चढव यात," ती म्हणाली.

वसंतात पुन्हा वारा लागला. दुपारी जेवता जेवता तिला धाप लागली. क्लोव्हिसनं आणि अल्सीदनं तिला पोत्यासारखं उचलून आत बसवलं, अल्सीद मागे थांबला आणि क्लोव्हिसनं गाडी पाण्यात घातली. पाणी दाराच्या चांगलं खाली राहिलं. जमलं, असं त्याला वाटलं. अर्ध्या वाटेत खालून कट्ट आवाज झाला आणि मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. पुढच्या चाकांवर जोर टाकला, तीही एक हिसका देऊन थांबली. इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी जागची हलेना.

युलानं त्याची बाही धरली. "काहीतरी कर ना रे."

"काय करू गं," तो म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यानं तिला कधी ऐकवलं नव्हतं.

क्लोव्हिसनं फोन केला, तेव्हा अल्सीदनं एका मच्छीमाराची बोट पाठवली. बोट खाली, दार कुठे वर. क्लोव्हिसनं तिला काखेत धरून खाली सोडलं, बोटवाल्यानं पाय झेलले. ओला हात निसटला आणि ती बोटीत आदळली. खांदा निखळला, पण श्वास टिकला.

डॉक्टरांनी तिला पुन्हा त्या घरी जाऊ दिलं नाही. ती आता लेकीकडे, उंचावरच्या गावात असते. क्लोव्हिस चार महिने तिथे राहून पाहून आला. दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. शेवटी युलाच म्हणाली, "जा तू. तुला इथे असं बघवत नाही मला."

रस्ता कोरडा असला की अल्सीद त्याला आपल्या छोट्या गाडीतून भेटायला नेतो. नसला की क्लोव्हिस फोन करतो.

"काय खाल्लंस?" युला विचारते.

"भात, शेंगदाणे उकडून."

"एवढंच?"

"कोळंबी आणायला जायचं होतं. पाणी आलंय," तो सांगतो.