साडूंचं घोडदळ

भिण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस कावेरीच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही. बाकीची माणसं कारण घडलं की भितात. साडू आधी भिऊन घेतात आणि मग कारण शोधायला लागतात. जन्मभर विजेच्या खात्यात नोकरी केली, पण घरातलं बटण आजही पायात रबरी चप्पल घालून, मान दुसरीकडे वळवून दाबतात. पापनाशमला जायचं तर बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरतात, कारण त्याला डुलकी लागली तर जवळ खोकायला कुणीतरी हवं. गल्लीत खराखुरा घोडा आला की खिडकी लावून घेतात.

आणि अशा माणसाला छंद कसला, तर इंग्रजी घोडदळाचा. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी एक काचेचं कपाट आहे. त्यात बोटभर उंचीचे शिशाचे स्वार: लाल कोटातले भालाईत, छातीवर चकचकीत पत्रा बांधलेले राणीचे रक्षक, एका खांद्यावर कोट लटकावलेले हुसार. सगळा जुना माल. कुणाच्या घोड्याचा पाय तुटलेला, तिथे आगपेटीची काडी जोडलेली. एका बिगुलवाल्याचं तर मुंडकंच निखळलं होतं. ते साडूंनी मानेत काडी खोचून बसवलं, पण जरा सैल राहिलं. गल्लीतून लॉरी गेली की तो आमच्या तंजावूरच्या डोलणाऱ्या बाहुलीसारखा मान हलवायला लागतो. "इथल्या पाण्याचा गुण," साडू म्हणतात.

सगळ्या स्वारांची तोंडं मात्र भिंतीकडे. पाहुण्याला दिसतात त्या फक्त शेपट्या. मी एकदा कारण विचारलं, तर हळू आवाजात म्हणाले, "इतके भाले आहेत. घरातल्या माणसांवर कशाला रोखायचे?" आपल्या राजांचं राज्य ज्यांनी घशात घातलं त्यांचीच फौज आपल्या घरात कशी, असं चिडवलं, तर उत्तर तयार होतं: "म्हणून तर कुलपात ठेवलीय."

अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, दर नवरात्रात कोलू मांडते. पांढऱ्या कापडाने झाकलेल्या पायऱ्या आणि त्यांवर मातीच्या बाहुल्या: देव, राजे, वाणी, भाजीवाल्या. दर वर्षी ती शोभेसाठी सैनिक मागायची आणि दर वर्षी साडू किल्ली कमरेला खोचून नाही म्हणायचे. मुलांचे हात प्रसादाच्या सुंडलची उसळ खाऊन तेलकट झालेले असतात, समईची आच लागते, शिसं वितळतं, वगैरे.

मागल्या वर्षी अक्काच्या हृदयाची झडप बिघडली. तिरुच्चीच्या डॉक्टरांनी नवरात्राच्या तोंडावर तिला भरती करून घेतलं आणि ऑपरेशनला नेमका विजयादशमीचा दिवस दिला. निघताना ती साडूंना म्हणाली, "कोलू चुकवायचा नाही हं. सेरी?" हे मान डोलावून "सेरी" म्हणाले आणि घरीच राहिले, कारण हॉस्पिटलच्या वासानेच त्यांना घेरी येते. तिच्याबरोबर माझी बायको गेली, यांच्याबरोबर मी राहिलो.

बाहुल्या माळ्यावर. माळ्याला शिडी. शिडीला साडू भितात, आणि मी चढतो म्हटलं तर माझ्यासाठी भितात. एक माणूस हॉस्पिटलात आहे तेवढं पुरे, असं म्हणून त्यांनी शिडीच मागच्या खोलीत कोंडली. मग संध्याकाळी काचेच्या कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. वरच्या पायरीवर कलश आणि अक्काला लग्नात माहेरून मिळालेली, एरवी देवघरातच असणारी लाकडी नवरा-नवरीची जोडी. त्याखाली पायरी-पायरीवर इंग्रजांचं घोडदळ. हळदकुंकवाला आलेल्या बायका उंबऱ्यातच थबकल्या. एकूण एक भाला त्यांच्यावर रोखलेला. या खेपेला साडूंनी सगळ्यांची तोंडं दाराकडे केली होती.

"अण्णा, हे काय?" मी विचारलं.

"दार उघडंच असतं या दिवसांत," ते म्हणाले. "कोण आत येईल, सांगता येतं?"

त्यानंतर मीही दाराकडे पाठ करून बसलो नाही.

विजयादशमीला दुपारी फोन वाजला. "तू घे," म्हणून साडू पायऱ्यांच्या मागे, आपल्या फौजेच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. बायको सांगत होती की ऑपरेशन झालं, पण अक्का अजून शुद्धीवर आलेली नाही. डॉक्टर थांबा म्हणतात.

संध्याकाळी शेजारच्या मामी आरतीला आल्या. कोलू संपला की एक बाहुली निजवायची, ही आमच्याकडची रीत. अक्का नेहमी लाकडी नवरी निजवते, म्हणून मामींनी सवयीने तिलाच हात घातला. जन्मात कुणावर आवाज न चढवलेल्या साडूंनी मामींचं मनगट धरलं.

"ती नको."

"मग कुणाला निजवू?"

साडूंनी सगळ्या फौजेवरून नजर फिरवली, तो सैल मानेचा बिगुलवाला उचलला, घोड्यासकट आडवा केला आणि अक्काचा रुमाल त्याच्या गळ्यापर्यंत ओढला. "तिच्याऐवजी तू नीज रे बाबा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने डोळे उघडले, कॉफी मागितली आणि ती मिळेना म्हणून नर्सवर रागावली. मी ही बातमी सांगितली, तर साडूंचे डोळे भरून आले. "दिली तर निववून द्या म्हणावं," ते म्हणाले. "जीभ भाजेल."

आता अक्का घरी आहे आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. घोडदळ पुन्हा फळ्यांवर गेलंय, तोंडं अजून दाराकडे आहेत. बिगुलवाला मात्र खालच्या फळीवर रुमालाखाली आडवाच. परवा धूळ पुसताना अक्का त्याला उभा करायला गेली, तर साडूंनी तिचा हात अलगद थांबवला.

"राहू दे गं. उठवलं आणि काही झालं तर?"

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. मग रुमाल झटकला आणि पुन्हा नीट त्याच्या गळ्यापर्यंत पांघरला. तेवढ्यात गल्लीतून लॉरी गेली, आणि निजल्या निजल्याच त्याने हळूहळू मान हलवली.