उन्हाची बाजू

अकोल्याच्या जुन्या शहरातले आमचे शेजारी काका पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग वाकायला लावतात. वरच्या खोलीत टेबलावर त्यांची छोटी रेल्वे आहे, आमच्याकडच्या बंद पडलेल्या, अरुंद रुळांवरच्या लहान गाडीची नक्कल. दोन्ही बाजूंना पुठ्ठे उभे केलेत. डब्याच्या खिडकीएवढ्या उंचीवर डोळा आणूनच त्यांवर रंगवलेला देखावा पाहायचा, असा त्यांचा नियम.

रंगात ते शेतातली माती चाळून कालवतात. "दुकानातला काळा रंग मातीवानी दिसत नाई," म्हणतात. कापसाची पऱ्हाटी, निंबाची झाडं, विहीर, सगळं हुबेहूब. पण एकाच बाजूला. दुसरा पुठ्ठा कोरा.

"हा कोरा काहून सोडला, काका?"

"तिकून गाडीत ऊन येत होतं ना भाऊ. मी सावलीच्याच बाजूनं बसो. तिकडलं पाह्यलंच नाई, मंग खोटं कसं काढू?"

मला हसू आलं. त्याच गाडीनं मी कॉलेजला जायचो आणि उन्हाच्याच बाजूला बसायचो, कारण तिकडे जागा मिळायची. "मी सांगतो," म्हणालो. काकांनी लगेच ब्रश माझ्या हातात दिला.

"एक मोठी चिंच होती."

"टेशनाच्या अलीकडं का पलीकडं?"

मी वाकलो, एक डोळा मिटला. डोळ्यांसमोर आली ती फक्त खिडकीची झडप, ऊन लागू नये म्हणून मीच रोज खाली ओढलेली.

काकांनी बटण दाबून टेबलावर फिरणारी गाडी थांबवली.

"आठवा आरामानं," ते म्हणाले. "तोवर इले हालवत नाई."