मिल्काबाईंची कोरडी ताटं

शुक्रवारी दुपारी फुलसावंगीत एकच बातमी होती : मिल्काबाई झिराडकर किसनरावच्या विहिरीत सोनं लपवून राह्यली. कोणी म्हणे हंडाभर, कोणी म्हणे पोतंभर. धावजी तर सांगत होता, पोत्यातून चमकताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं. चमकत होतं हे खरं. पण ते महागावच्या बाजारातून आणलेलं कोरं स्टील होतं, आणि पोतं म्हणजे कांद्याची लाल जाळी. मी विहिरीच्या काठावरच उभा होतो म्हणून सांगतो. नसतो तर मीही सोनंच सांगितलं असतं.

मिल्काबाईंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. नवरा जनावरांचा सरकारी डॉक्टर. बदलीवर इकडे आला, रमला, इथंच वारला. बाई मागे राहिल्या. बोलणं अजून कोकणातलं, तिखट मात्र वऱ्हाडाचं. या बाईला बूड टेकवणं म्हणून माहीत नाही. चहाचा कप हातात घेऊन अंगण झाडतील, फोनवर बोलता बोलता तुरीची डाळ निवडतील. त्यात या आठवड्यात तर विचारू नका. सकाळी धुतलेले पडदे दुपारी परत काढून धुतले. कुंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, दारातून हाक मारायच्या आणि ती पदराला हात पुसत येईस्तोवर कशाला बोलावलं तेच विसरायच्या.

कारण लेक येणार होती. दीना लग्न करून इस्राएलात अश्दोदला गेली. जावई अव्नेर धर्माचा पक्का, आणि दीना आता त्याच्याहून पक्की. मागच्या खेपेला दोघं आली तेव्हा बॅगेतून डबाबंद जेवण निघालं, कागदी ताटल्या निघाल्या, आणि आईनं रांधलेली पातेली ओट्यावर भरलेली तशीच राहिली. त्यांच्या कायद्यात परक्या धर्माच्या माणसाकडून घेतलेलं धातूचं नाहीतर काचेचं भांडं जेवणात वापरायच्या आधी जिवंत पाण्यात अख्खं बुडवावं लागतं. बाईंच्या आईनं कोकणात हे कधी केलं नव्हतं, म्हणून बाईंनीही केलं नव्हतं. दीना म्हणाली होती, आई, मनाला लावून घेऊ नकोस. बाईंनी लावून घेतलं. लेकीनं आपल्या हातचं आपल्या ताटात खावं, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून या खेपेला सगळा संसार नवा. मी आपलं विचारलं, आमच्याकडून नेलेल्या माठाचं काय, त्यालाही आंघोळ? मातीला नको, लाकडाला नको, असं उत्तर आलं. मग म्हटलं, माठाचं नशीब. बाई हसल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण जड आहे. चार दिवस भांड्यांची लेबलं नखानं खरवडणं चाललं होतं. खोबरेल तेल लावायचं, घासायचं, उजेडात धरून बघायचं. भांडं आणि पाणी यांच्यामध्ये चिकटपणाही राहायला नको म्हणे.

आता जिवंत पाणी आणायचं कुठून? नळाच्या टाकीचं चालत नाही. जमिनीतून आपोआप पाझरणारं पाहिजे. नदीत एप्रिलात नुसती वाळू. उरली किसनरावची विहीर. तिचे झरे मे महिन्यातही आटत नाहीत, आणि किसनराव ते ऐकवल्याशिवाय कोणाला पाणी पिऊ देत नाही.

बाईंनी काठावर उभं राहून त्यांच्या भाषेत आशीर्वाद म्हटला आणि एकेक भांडं जाळीत घालून दोरानं सोडायला लागल्या. पातेलं गेलं, बुडबुडलं, वर आलं. पेला गेला, झारा गेला. प्रत्येक वेळी त्या इतक्या वाकायच्या की मी मागून म्हणायचो, बाई, तुम्हाला बुडवायचं कायद्यात नाही ना? एवढ्यात फोन वाजला. लेकीच्या गाडीनं उमरखेड सोडलं होतं. बाईंच्या पायाला जणू चटका बसला. भात चुलीवर, सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा विसाव्याचा वार, लागणार, मग चूल बंद, घासणं-धुणं बंद. राहिली होती फक्त ताटं. ती किसनरावकडे सोपवून, नीट पाण्यात जाऊ द्या म्हणून बजावून, बाई पळाल्या. लेकीची गाडी दारात लागेल म्हणून मीही मागोमाग निघालो. मला ती गाडी पाहायची होती.

संध्याकाळी दिवे लावले. मनुकांच्या सरबतासाठी मला आणि किसनरावला बोलावणं होतं. अव्नेरनं पेला उचलून प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी घोट घेतला. चपात्या झाकून ठेवलेल्या, नारळाच्या दुधातल्या भाजीचा वास घरभर. बाईंनी ताटं मांडायला घेतली आणि नेमकं तेव्हाच किसनरावला आपलं काम सांगायची लहर आली.

“जावईबापू, आमची विहीर मोठी खट्याळ हाय. किती बादल्या गिळल्या तिनं. म्हून म्या ताटं एकावर एक ठिवून सुतळीनं असे आवळले, का मधात थेंबभर पाणी नाही शिरलं. आतले तर कोरडेच निघाले.”

अव्नेरला आजीकडून शिकलेलं मराठी येतं. त्यानं सावकाश विचारलं, आतल्या ताटांना पाणी लागलंच नाही? किसनराव अभिमानानं म्हणाला, अजिबात नाही.

दीनानं नवऱ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि तिचा हात हळूच कोपऱ्यातल्या बॅगेकडे गेला. बाईंनी तो हात पाहिला. त्या उठल्या, बसल्या, परत उठल्या. आत्ता विहिरीवर जाते म्हणाल्या. अव्नेर म्हणाला, शब्बाथला बुडवता येत नाही. किसनरावचा चेहरा पार उतरला. घरी पत्रावळी हायेत, आणू का, असं त्यानं विचारलं.

“माझी लेक काय पंगतीला आली आहे?” बाई म्हणाल्या.

अव्नेर मात्र डोळे मिटून आठवत होता. मग त्यानं समजावलं. हा नियम यहुद्याच्या मालकीच्या भांड्याला आहे. अशा अडचणीत भांडं दुसऱ्या धर्माच्या माणसाला खरोखरीचं बक्षीस देऊन टाकायचं, आणि त्याच्याकडून उसनं मागून जेवायचं. उसन्याला बुडवणं लागत नाही.

बाईंनी ताटं किसनरावपुढे धरली. तो मागे सरकला. बाईमाणसाच्या घरची ताटं कशी घेऊ, गावात तोंड कसं दाखवू, असं काहीबाही बोलायला लागला. मी दोन्ही हात पुढे केले.

“सदाशिवभाऊ, ही तुम्हाला दिली. कायमची,” बाई म्हणाल्या.

मी ताटं घेतली, वाजवून पाहिली, बूड पाहिलं. अव्नेरनं उसनी मागितली. मी म्हटलं, नाही कशाला म्हणू, पण घरच्यांना विचारावं लागेल. कुंदाला नवं भांडं लगेच बाहेर दिलेलं आवडत नाही. दीनाला हसू आलं. बाईंना आलं नाही. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, आणि बोट पांढरं पडलं होतं. मग मी मुकाट ताटं पुढे केली. न्या म्हटलं, सावकाश जेवा.

दीना जेवली. भाजी दोनदा मागितली, शेवटी ताटाला लागलेला रस बोटानं पुसून घेतला. बाई जेवायला बसल्याच नाहीत. वाढत राहिल्या, आणि वाढण्यासारखं उरलं नाही तेव्हा रिकामं पातेलं हातात घेऊन उभ्या राहिल्या.

शनिवारी दिवेलागणीला शब्बाथ उतरला तसा मी त्यांच्या दारात. मुद्दाम गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, बाई, आमची ताटं केव्हा मिळतील? समोरच्या ओट्यावरून धावजीनं मान वर केली. आत दीना हसल्याचं ऐकू आलं. बाई दारात आल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या,

“न्या की, तुमचीच आहेत. कालपासून मोरीत खरकटी पडली आहेत. मालकानं घासून न्यायची.”